कुंडीत कुजलेली सीतेची वेणी आंब्यावर कशी रुजली: फोंडा तालुक्यातील एक प्रकरण

गोव्यातील फोंडा तालुक्यात कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या, कडेला असलेले कौलारू घर. पुढे सोपा (पडवी), अंगणाच्या पूर्वेला जुना आंबा, मागे पोफळी आणि माड. घरच्या वहिनींनी फेब्रुवारीत रोपवाटिकेतून सीतेच्या वेणीचे, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा या ऑर्किडचे, रोप आणले. रोप टिश्यू कल्चरमधून वाढवलेले, आठ पानांचे आणि निरोगी होते. १५ सेंमी तोंडाची काळी प्लॅस्टिकची कुंडी, तळाला कोळशाचे चार तुकडे, त्यावर नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे दाबून भरलेले आणि सगळ्यात वर शेवाळाचा थर. मे संपेपर्यंत कुंडी सोप्यावर होती, पाणी दिवसाआड. रोपाची तक्रार नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला आणि कुंडी अंगणात आली. पावसाचे पाणी ऑर्किडला मानवते हे वहिनींना ठाऊक होते, आणि ते खरेही आहे. कुंडी ठेवली ती मात्र वळचणीखाली. तिथे कौलांवरून येणारी पागोळी थेट रोपाच्या शेंड्यावर पडत होती. जुलैच्या मध्यावर खालची दोन पाने पिवळी पडली. एका पानाच्या बुडाशी जांभळट काळा डाग दिसू लागला. वरची पाने ऐन पावसात सुरकुतली. "पानं सुकली म्हणून मी उघडीप असेल त्या दिवशी तांब्याभर पाणी वरून घालत होते, खतही दिलं," असे त्यांनी आम्हाला सांगितले.

भर पावसात पान का सुकले

मे महिन्यात पान सुरकुतले तर पाणी कमी पडले असे समजायला हरकत नाही. हवेत ओल भरलेली असताना, कुंडी भिजलेली असताना पान सुरकुतते तेव्हा मात्र अर्थ एकच असतो: पाणी आहे, ते उचलायला मुळे नाहीत. अशा वेळी वरून घातलेला प्रत्येक तांब्या उरलेली मुळे संपवतो. खत तर त्याहून वाईट, कारण मृत मुळांच्या सालीत ते साचून राहते आणि शेजारच्या जिवंत मुळाला पोळते.

म्हणून पहिले काम औषध आणण्याचे नव्हते, कुंडी उघडण्याचे होते. प्लॅस्टिक कात्रीने उभे कापले, रोप ओढून काढले नाही. ओढले की जी दोन-तीन मुळे वाचलेली असतात तीच कुंडीच्या भिंतीला चिकटून तुटतात. आतले सोडण काळे, मऊ आणि आंबूस वासाचे झाले होते. बोटांत दाबले की त्यातून तपकिरी पाणी येत होते. कोळशाच्या थरात हवा खेळायला जागाच उरली नव्हती, सोडणाचा भुसा खाली उतरून त्या फटी बुजल्या होत्या.

रोपाला एकूण अकरा मुळे होती. त्यातल्या आठांची साल मोजा उतरावा तशी हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला. तीन मुळे जिवंत होती, आणि त्या तिघांपैकी दोन कुंडीच्या बाहेर हवेत लोंबणारी होती. संपूर्ण प्रकरणाचे उत्तर या दोन मुळांत होते. त्यांच्यावरही तोच पाऊस पडला, तितकाच पडला, आणि ती टणक, चंदेरी, टोकाला हिरवी राहिली.

या ऑर्किडच्या मुळावर व्हेलामेन नावाचा मृत पेशींचा सच्छिद्र थर असतो. पाणी लागताच तो ते शोषतो, मूळ पांढऱ्याचे हिरवे होते, आणि मग आतले जिवंत मूळ सावकाश पाणी घेते. पण तो थर भिजलेला असेपर्यंत मुळाला हवा फारच कमी मिळते. झाडाच्या सालीवर असलेले मूळ एक सर ओसरली की तास-दोन तासांत वाऱ्याने वरून कोरडे होते. कुंडीतले मूळ जुलैभर कोरडे झालेच नाही. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिमीच्या घरात पाऊस पडतो, सत्तरी तालुक्याच्या बाजूला त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तरीही हीच सीतेची वेणी घाटाच्या पायथ्याच्या जंगलात झाडांवर मजेत असते. पावसाने तिला काही होत नाही. बारीक, कुजणाऱ्या मिश्रणाने भरलेली, न वाळणारी कुंडी तिला मारते.

सोडणाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण गोव्यात ते फुकट मिळते आणि सगळे तेच वापरतात. ताज्या सोडणात क्षार आणि टॅनिन भरपूर असतात. वापरण्याआधी ते तीन दिवस पाण्यात भिजवून, रोज पाणी बदलून घ्यावे लागते. छपराखाली, मोजून पाणी मिळणाऱ्या ठिकाणी मोठे तुकडे दीड-दोन वर्षे टिकतात. उघड्या पावसात मात्र बारीक तुकडे एका मोसमात लगदा होतात. रोपवाटिकेने वापरलेले मिश्रण पॉलिहाऊसमध्ये योग्यच होते. रोप नव्या जागी आल्यावर त्या जागेच्या हवेनुसार मिश्रण बदलायला हवे होते, आणि ते पाऊस लागण्याआधी.

काळा डाग

मुळे गुदमरून मेली हा एक भाग. पानाच्या बुडाशी दिसणारा डाग हा दुसरा. या ऑर्किडची पाने पन्हळीसारखी दुमडलेली असतात, त्यामुळे शेंड्यावर पडणारे पाणी सरळ पानाच्या बेचक्यात उतरते. पागोळीचे पाणी तासन्तास तिथे साचत होते. अशा साचलेल्या पाण्यात फायटोप्थोरा आणि पिथियम या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांमुळे काळी कूज येते.

काळी कूज आणि जिवाणूंमुळे येणारी मऊ कूज यांत गल्लत होते आणि औषध वाया जाते. काळ्या कुजीचा डाग जांभळट काळा, सुरुवातीला बऱ्यापैकी टणक, कडेला पिवळट असतो. तो पानाच्या बुडातून खोडाकडे सरकतो. जिवाणूजन्य कुजीत पान पाणी भरल्यासारखे, अर्धपारदर्शक होते, बोटाने फुटते, घाण वास येतो आणि दोन-तीन दिवसांत सगळे पान जाते. बहुतेक बुरशीनाशके या दुसऱ्या रोगावर चालत नाहीत. तिथे तातडीने कापणे आणि कोरडे करणे हाच मुख्य उपाय. इथे डाग टणक होता, वास नव्हता. निदान काळ्या कुजीचे झाले.

पाने काढताना ती बाजूला ओढायची नाहीत. पानाच्या टोकापासून मधोमध उभी चीर देत बुडापर्यंत यायचे आणि दोन्ही भाग विरुद्ध दिशांना सोलायचे, म्हणजे खोडावरची साल फाटत नाही. तीन पाने अशी काढली. त्याखाली खोडाचा तळ तपकिरी झाला होता. कोऱ्या ब्लेडने तळाकडून पातळ चकत्या घेत गेलो. प्रत्येक कापानंतर ब्लेड ज्योतीवर धरून निर्जंतुक केले, कारण त्याच पात्याने वर रोग नेणे फार सोपे असते. चौथ्या चकतीला खोड पूर्ण पांढरट हिरवे दिसले, तिथे थांबलो. तपकिरी ठिपका उरला असता तर अजून एक चकती घेतली असती, मग पान गेले तरी चालले असते. हे ऑर्किड एकाच शेंड्याने वाढते. कूज शेंड्यापर्यंत गेली की रोप जवळपास संपले, बुडातून पिल्लू, म्हणजे नवे रोपटे, फुटले तरच आशा.

उरले ते असे: सुमारे ९ सेंमी खोड, पाच पाने, तीन मुळे.

कापलेल्या जागी दालचिनीची पूड चोळली. ती जखम सुकवते, म्हणूनच मुळांना लावायची नाही, नाहीतर जिवंत मूळही सुकते. मग मेटालॅक्झिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के असलेले बुरशीनाशक एक लिटर पाण्यात २ ग्रॅम घेऊन खोडावर आणि पानांच्या बेचक्यांत फवारले. हातमोजे आणि मास्क घालून. दहा दिवसांनी दुसरी फवारणी झाली, तिसरीची गरज पडली नाही. ताम्रयुक्त बुरशीनाशक मुद्दाम टाळले. माड-पोफळीमुळे ते गोव्यात घरोघरी असते, पण ऑर्किडची कोवळी मुळे त्याने करपतात.

वाळवणे

फवारणीनंतर रोप सोप्यावर तुळईला उलटे टांगले, शेंडा खाली. बेचक्यांत अडकलेले पाणी याने निथळून जाते. जुलैमध्ये हवेतील आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे नुसते टांगून काही वाळत नाही. साधा टेबलपंखा दोन मीटरवरून मंद गतीने चार दिवस चालू ठेवला. या चार दिवसांत पाणी अजिबात नाही.

वहिनींना भीती वाटली की जेमतेम मुळे उरलेले रोप पंख्याच्या वाऱ्यात मरेल. कोरड्या हवेच्या गावात, मार्चमध्ये, ती भीती खरी ठरली असती. तिथे असे रोप ओल्या शेवाळासह प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात. गोव्याच्या पावसाळ्यात तो उपाय करूच नये. पिशवीत जे निर्माण करायचे ती ओल इथे चोवीस तास आहे, आणि पिशवी फक्त वारा बंद करते. पाने आणखी थोडी सुरकुतली, पण जखम पांढरट आणि कोरडी झाली. या टप्प्यावर तेच महत्त्वाचे होते.

पाचव्या दिवशी रोप आंब्याच्या लाकडाच्या जुन्या फळीवर बांधले. फळी ३० सेंमी लांब, रंधा न मारलेली, रंग किंवा व्हार्निश नसलेली. खाली शेवाळ नाही, काथ्या नाही. फळी वळचणीच्या आत हातभर टांगली. पागोळी अंगावर येणार नाही, पण वाऱ्याबरोबर तुषार येतील अशा बेताने. उघडीप असेल त्या दिवशी सकाळी मुळांवर पाण्याचा फवारा, मुळे हिरवी होईपर्यंत. खत काहीच नाही. जेमतेम मुळे उरलेल्या रोपाला खत म्हणजे नुसता क्षार.

ऑगस्टच्या शेवटी, कापलेल्या जागेच्या वर, पानांच्या बुडातून तीन बोथट हिरवी टोके बाहेर आली. हीच वेळ गाठायची होती.

आंब्यावर बांधण्याची वेळ आणि जागा

झाडावर ऑर्किड केव्हा बांधावे याबद्दल घाई आणि उशीर दोन्ही नुकसानीचे. जुनी, पूर्ण वाढलेली मुळे सालीला चिकटत नाहीत. चिकटते ते वाढणारे नवे टोक. नवी टोके जेमतेम अर्धा सेंमी झाली असताना बांधले तर पुढची सगळी वाढ सालीला धरून होते. टोके चार-पाच सेंमी लांब झाल्यावर बांधले तर बांधतानाच मोडतात. नोव्हेंबरनंतर बांधले तर मुळांची वाढ मंदावते, हवा कोरडी होते आणि रोप मे महिन्यापर्यंत नुसते लटकते. सर्वात सोयीचा काळ मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. इथे तो हुकला होता. चवथीच्या सुमाराची खिडकी मात्र अजून उघडी होती: पावसाचा जोर कमी, ओल भरपूर, आणि मुळे वाढायला पुढे दोन महिने.

आंबा निवडला त्याला कारणे होती. साल खडबडीत, तिच्या फटींत मूळ शिरते, साल गळून पडत नाही, पानगळ एकदम होत नाही. फणस आणि चाफाही चालतात, पण चाफा हिवाळ्यात उघडा पडतो, तेव्हा दुपारचे ऊन अंगावर येते. पेरूची साल सोलून पडते, निलगिरीचीही, त्यामुळे तिथे बांधलेले रोप सालीसकट खाली येते. पोफळीच्या गुळगुळीत बुंध्यावरून मूळ सरकते. माडाचा बुंधा मूळ धरून ठेवतो, पण वर छाया नसेल तर एप्रिलमध्ये पाने भाजतात.

बुंध्याची पूर्वेची बाजू घेतली, जमिनीपासून १.८ मीटर उंचीवर. सकाळचे ऊन दहा-साडेदहापर्यंत, नंतर फांद्यांची सावली. पावसाचे पाणी बुंध्यावरून काही ठरावीक वाटांनी वाहते. पाऊस चालू असताना बुंधा पाहिला तर या ओल्या वाटा गडद दिसतात. रोप त्या वाटेवर नको, वीत-दीड वीत बाजूला हवे. दोन फांद्यांचे बेचके दिसायला सुंदर जागा वाटते, पण तिथे पाला साचतो आणि पुन्हा कुंडीच तयार होते.

बांधायला जुन्या सुती कापडाच्या दोन बोटे रुंद पट्ट्या वापरल्या. मासेमारीची नायलॉन दोरी खोड कापते. तांब्याची तार मुळांना घातक. सुती पट्टी साधारण एका पावसाळ्यात कुजून गळते, तोवर मुळांनी पकड घेतलेली असते. शेंडा किंचित बाहेर आणि खाली झुकेल असे रोप बांधले, म्हणजे पानाच्या पन्हळीत पाणी थांबत नाही. जंगलातही ही वेणी बुंध्यापासून बाहेर झुकलेलीच असते.

बांधल्यावर पानाला धरून हलके हलवून पाहावे. रोप तसूभरही हलले तर पट्टी सोडून पुन्हा बांधावी. वाऱ्याने रोप डुलत राहिले की नवे टोक सालीवर घासते आणि काळे पडते. महिनोन्महिने मुळे का धरत नाहीत, असे विचारणाऱ्यांच्या झाडावर बहुतेक वेळा हाच दोष सापडतो.

गोगलगायी आणि पहिला हिवाळा

पहिल्याच आठवड्यात दोन मुळांची टोके कुरतडलेली सापडली. सालीवर वाळलेल्या चिकट रेघा होत्या. शेमड्या गोगलगायींना मुळाची कोवळी टोके फार आवडतात, आणि एकदा टोक गेले की ते मूळ तिथून पुढे सरळ वाढत नाही, कधी बाजूने फांदी फुटते, कधी तीही नाही. रात्री नऊच्या सुमारास विजेरी घेऊन बुंधा पाहायचा आणि हाताने वेचायच्या, असा क्रम पंधरा दिवस ठेवला. घरात कुत्रा होता, म्हणून गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या उघड्यावर टाकल्या नाहीत, त्या कुत्र्याला विषारी असतात. बुंध्याभोवतीचा पाला झाडून काढल्यावर गोगलगायी निम्म्याने कमी झाल्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. आधी साध्या पाण्याने मुळे हिरवी करायची, मग खताचा फवारा. कोरड्या मुळावर खत दिले की टोक करपते. दिवाळीपर्यंत चार नव्या मुळांनी साल धरली. त्यातले सर्वात लांब ११ सेंमी होते.

पावसाळा संपला की जबाबदारी उलटते. आता रोपाला पाणी देणारे कोणी नाही. नोव्हेंबरमध्ये दिवसाआड सकाळी, डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून दोनदा. हा काळ थोडा कोरडा आणि रात्री गार गेला पाहिजे, पुढच्या फुलाची तयारी याच काळात होते. कोरडा म्हणजे उपाशी नव्हे. जानेवारीत पूर्वेकडून कोरडा वारा सुटला तेव्हा पाने पुन्हा सुरकुतू लागली, म्हणून पाणी दिवसाआड केले, आठवड्याभरात पाने सावरली. फेब्रुवारीपासून खत पुन्हा सुरू, लिटरला १ ग्रॅम. मार्च ते मे रोज सकाळी पाणी, फार तापले तर दुपारी चारच्या आत दुसरा फवारा. रात्री बेचक्यात पाणी राहू द्यायचे नाही.

घराच्या विहिरीचे पाणी विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर १०० पीपीएमच्या आत होते, तेव्हा चिंता नव्हती. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींत उन्हाळ्यात खारेपणा चढतो. २०० पीपीएमच्या वर गेले तर साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. मात्र इतक्या मऊ पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फारसे नसते. महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम, आणि वेगळ्या दिवशी मॅग्नेशियम सल्फेट तितकेच दिले. कॅल्शियम नायट्रेट फॉस्फरसच्या खतात मिसळले की पांढरा साका खाली बसतो आणि दोन्ही वाया जातात.

आंब्यावर ऑर्किड लावणाऱ्याने एक गोष्ट धरूनच चालावी. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोरावर तुडतुडे आले की त्यांचा चिकट मध खाली टपकतो आणि ऑर्किडच्या पानांवर काळी काजळी चढते. ती रोग म्हणून पानात शिरत नाही, पण उजेड अडवते. ओल्या फडक्याने दर आठवड्याला पाने पुसली की पुरे. त्याच चिकट मधाच्या ओढीने ओंबील, म्हणजे लाल मुंग्या, येतात आणि खवले किडीला सांभाळतात. पानाच्या खालच्या बाजूला तपकिरी ठिपके दिसले आणि नखाने निघाले, तर ती खवले कीड. मऊ दातघासणीने साबणाच्या पातळ पाण्यात घासून काढावी, मग साध्या पाण्याने धुवावे.

पहिल्या मेमध्ये फूल आले नाही

रोपाला तोवर सात पाने झाली होती, मुळे उत्तम होती, आणि तरी फुलदांडा निघाला नाही. वहिनींना कोणी फुलासाठी फॉस्फरसचे खत वाढवायला सांगितले. ते देऊ नये असेच आमचे मत होते. एक तर आठ मुळे गमावलेल्या रोपाने पहिल्या वर्षी फूल न देणे स्वाभाविक आहे. दुसरे, पानांचा रंग गडद हिरवा होता. सीतेच्या वेणीला पुरेसा उजेड मिळतो तेव्हा पान किंचित पिवळसर हिरवे दिसते. गडद, लांब, मऊ पान म्हणजे उजेड कमी.

मोबाइलवरील उजेड मोजणारा लक्समापक ढोबळ असतो, पण तुलना करायला पुरतो. सकाळी नऊ वाजता पानाजवळ सात-आठ हजार लक्स मिळाले. या ऑर्किडला दिवसाचा चांगला भाग २० ते ३० हजार लक्स हवे. गेल्या वर्षभरात आंब्याच्या दोन डहाळ्या वाढून पूर्वेचे ऊन अडवत होत्या. त्या मेमध्ये छाटल्या असत्या तर सावलीत वाढलेली पाने एका दुपारी भाजली असती. नोव्हेंबरअखेर, ऊन तिरपे झाल्यावर, एक डहाळी काढली, तीन आठवड्यांनी दुसरी. लक्समापक २२ हजारांवर गेला. फेब्रुवारीपर्यंत पानांचा रंग उजळला.

दुसऱ्या एप्रिलच्या सुरुवातीला खालून तिसऱ्या पानाच्या बेचक्यातून फुलदांडा निघाला. मूळ आणि दांडा सुरुवातीला सारखेच दिसतात. मुळाचे टोक गोल आणि गुळगुळीत, दांड्याचे टोक चपटे आणि खवल्यांचे. दांडा वाढत असताना पाणी चुकवले नाही, कारण एप्रिलच्या उष्म्यात दोन दिवसांचा खाडा झाला तरी टोकाकडच्या कळ्या पिवळ्या पडतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ३४ सेंमीची वेणी लोंबली, पांढरी, जांभळट गुलाबी ठिपक्यांची. जोमदार, वयस्क रोपावर ती ६० सेंमीपर्यंत जाते आणि शंभरावर फुले येतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेशाने हे राज्यपुष्प म्हणून निवडले आहे, आणि बिहूच्या वेळी आसामात बायका ते केसांत माळतात. आपल्याकडे ते अंगणात लोंबते आहे याचा आनंद खरोखर मोठा आहे.

फुले दोन-तीन आठवडे टिकतात. या वेळी मोसमी पाऊस लागण्याआधीच ती ओसरली. दांडा बुडापासून एक सेंमी ठेवून कापला. दोन बोंडे धरली होती, तीही काढली. बोंड पिकायला कित्येक महिने लागतात आणि नुकत्या सावरलेल्या रोपाला तो भार नको.

ज्यांच्याकडे आंबा नाही

म्हापसा, वास्को, ताळगावच्या फ्लॅटमध्ये हेच काम लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत होते. २० सेंमीची सागाची टोपली, आत फुटक्या कौलांचे आणि लाकडी कोळशाचे अक्रोडाएवढे तुकडे, तेही रोप उभे राहण्यापुरते. बारीक काही नाही. कौले जुन्या घरांच्या डागडुजीत कुठेही मिळतात आणि कुजत नाहीत. टोपली बाल्कनीच्या कठड्याबाहेर पूर्वेला, पावसाळ्यात सरळ धार येणार नाही अशी. टोपलीतले रोप झाडावरच्यापेक्षा लवकर वाळते, म्हणून उन्हाळ्यात दोनदा पाणी अटळ. समुद्राच्या अगदी समोरच्या बाल्कनीत खारा वारा पानांची टोके जाळतो, तिथे रोज सकाळी साध्या पाण्याने पाने धुवावीत.

रोप आणताना ते रोपवाटिकेतलेच आणावे. म्हादई किंवा भगवान महावीर अभयारण्यातून रोप काढणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी संपूर्ण ऑर्किड कुळ साइट्स या वन्यजीव-व्यापारावरील कराराखाली येते. शिवाय जंगलातून ओरबाडलेल्या रोपाची बहुतेक मुळे सालीवरच राहतात. ते रोप घरी येते तेव्हा त्याची अवस्था या प्रकरणातल्या जुलैमधल्या रोपासारखीच असते.

फोंड्याच्या त्या रोपाला आता नऊ पाने आहेत आणि बुडाशी एक पिल्लू फुटले आहे. त्याला दोन मुळे आहेत, दोन्ही तीन सेंमीच्या आत. ते काढून दुसऱ्या झाडावर लावायची वहिनींची इच्छा आहे. पिल्लाला स्वतःची किमान तीन मुळे, प्रत्येकी पाच सेंमीच्या वर, झाल्याशिवाय ब्लेड लावायचे नाही. झाली तरी मेअखेर, नवी टोके दिसत असताना, आणि पावसाच्या पहिल्या जोरदार सरींआधी.